चाळिसावी साक्ष

कणकेचा गोळा हातावर घेतला तेव्हा मुठीएवढा होता. कोकिळाबाईनं तो डाव्या हातावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर असा झुलवला आणि बघता बघता तो कोपरापर्यंत पसरला, आतलं पुरण दिसेल न दिसेल इतका पातळ. मग एका झटक्यात मांडा पालथ्या खापरावर गेला. खाली लाकडं रसरसत होती. अडुसष्टाव्या वर्षीही तिच्या हाताला थरथर नव्हती, आणि हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवतच असे.

समोरच्या बाकावर मोटारीतून उतरलेला एक गृहस्थ दूध-तुपाशी मांडा खात होता. "वा माय, अमृत आहे अमृत!" तो म्हणाला.

डोक्यावरच्या पाटीवरचा आकडा एकसष्टचा साठ झाला.

कोकिळाबाईनं पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तोंडानं अमृत आणि कानामागून ताक! भाऊ, पोट भरून आलात ना?"

"नाही हो... भुसावळला मिसळ खाल्ली, जराशी."

"जराशी! ती जराशी मिसळ माझा एक आकडा खाऊन गेली."

गृहस्थानं ओशाळून कानामागे बोट नेलं. तिथं तुरीच्या डाळीएवढा मणी चिकटवलेला होता. आता तो सगळ्यांनाच असे. पूर्वी लोक बोटांनी तारे द्यायचे, चार ओळी लिहायचे, आणि त्यातल्या निम्म्या ओळी यंत्रं लिहायची. कुणाचाच विश्वास उरला नाही, तेव्हा हा कानमणी आला. खाणाऱ्याची नाडी, जबड्याची हालचाल, कातडीवरचा ओलावा हे सगळं मोजून तो सांगायचा, आतून दाद किती आली. याला नाव पडलं अंगसाक्ष. सगळ्यांच्या अंगसाक्षी मिळून जो आकडा व्हायचा तो साक्षांक, शंभरापैकी. तो दुकानाच्या पाटीवर लावायचा, कायद्यानंच. लोक आधी आकडा बघत, मग गाडी थांबवत.

एकाच माणसाला मणी लावायची बंदी होती, ती म्हणजे करणाऱ्याला. आपलीच दाद आपल्याला मोजता येत नाही, असा नियम. कोकिळाबाईला तो नियम फार आवडायचा. "माझ्या मनात काय चाललंय ते पाटीवर आलं, तर गिऱ्हाईक पळत सुटेल," ती म्हणायची.

पाटीवर आकड्याखाली तिचा फोटो होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : चोख हात, कोकिळामाय. ही अक्षरं तिची सून हर्षदा हिनं घातली होती. पण ती काही हर्षदाच्या डोक्यातून आली नव्हती. तीस वर्षं सगळा यावल तालुका हेच म्हणत होता.

गृहस्थ गेला आणि हर्षदा मण्यांचे आकडे नि पत्रं दाखवणारी काच हातात घेऊन बाहेर आली. "आई, मूळहाताच्या शिक्क्याचं पत्र आलं."

"वाच. मला चष्म्यानंही दोनच अक्षरं दिसतात, त्यातलं एक चुकीचं."

सरकारी समितीकडून हा शिक्का एकालाच मिळणार होता. ज्याला मिळेल त्यालाच पाटीवर 'खापरावरचे मांडे' हे शब्द लावता येणार, बाकीच्यांनी नुसतं 'पोळी' लिहायचं. अर्ज दोनच होते. एक कोकिळाबाईचा आणि दुसरा हायवेवरच्या यंत्रवाल्यांचा. त्यांचे पोलादी हात मिनिटाला सहा मांडे टाकत, आणि त्यांचा साक्षांक होता चौऱ्याऐंशी.

"चाळीस साक्षी लागतील," हर्षदा म्हणाली, "एकाच पंगतीत. पंगत उठेपर्यंत मोजणी चालू. पंच्याऐंशीच्या वर आकडा हवा."

"म्हणजे तो लोखंडी हात उद्यापासून खापर म्हणणार आणि मी पोळी म्हणू?"

"आकडा साठ आहे, आई."

कोकिळाबाईनं खापरावरचा मांडा दुमडला, ताटात टाकला आणि उलटसुलट करून पाहिला. मांड्यात खोट नव्हती. खोट होती ती खाणाऱ्याच्या पोटात. लोक दिवसभर चरत असतात. भरल्या पोटाला दाद कुठून सुचणार?

"हरतालिका कधी आहे गं?" तिनं अचानक विचारलं.

"पुढल्या आठवड्यात. का?"

"निर्जळी करणाऱ्या बायका शोध. साबुदाणा खाऊन उपास करणाऱ्या नकोत, त्यांचं पोट एरवीपेक्षा टम्म असतं. ज्या पाण्याचा थेंब घेत नाहीत तशा चाळीस जणी. दुसऱ्या दिवशी गणपती बसवून झाले, की अकरा वाजता पारणं माझ्याकडे. सकाळी पाणी प्या म्हणावं, पण पहिला घास इथंच."

हर्षदाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा ती खाली बघायला लागली. "आई, हे... नियमात बसतं. मणी पोट किती तासांचं रितं आहे तेही टिपतो, पण ते फक्त आपल्या काचेवर दिसतं. समिती अजून ते बघत नाही. तरी बरं वाटत नाही."

"उपाशी बाईला जेवू घालणं हे बरं नाही? कुठं शिकलीस गं हे? शाळेत?"

सून गावभर फिरली. प्रत्येकीला सांगितलं, मधे काही खाऊ नका हं, किती तास पोट रितं आहे ते दिसतं. एकोणचाळीस जणी मिळाल्या. चार दिवस उरले होते त्या संध्याकाळी ती घामाघूम होऊन परत आली.

"चाळिसावी मिळाली! खालच्या आळीच्या वच्छलाबाई. मी म्हटलं, आईंनी बोलावलंय. तर दारातच बसल्या हो. दोनदा विचारलं, कोकीनं बोलावलं? स्वतः? मी म्हटलं, हो."

कणीक तिंबणारे कोकिळाबाईचे हात थांबले.

"दुसरी कुणी नाही मिळाली?"

"नाही. का, काही आहे का?"

"काही नाही," कोकिळाबाई म्हणाली, आणि कणकेला असा बुक्का मारला की परात सरकली.

वच्छी आणि कोकी. एके काळी ही नावं जोडीनंच घेतली जायची. लग्नघरी मांडे करायला दोघींना एकत्र बोलावणं यायचं. वच्छी कणीक तिंबायची आणि कोकी खापर सांभाळायची. वच्छीच्या तिंबण्यामुळेच कणीक कोपरापर्यंत ताणली तरी फाटत नसे, हे कोकीला माहीत होतं. वच्छीला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मग ते नारखेड्यांकडचं लग्न आलं. त्यांच्याकडे नैवेद्य होईपर्यंत करणाऱ्यांनी चव घ्यायची नाही, जिभेला बोटसुद्धा लावायचं नाही, अशी रीत होती. डाळ किती टाकायची ते कोकीनं ठरवलं होतं, आणि तिचा अंदाज साफ चुकला. निम्मी पंगत बसायची होती आणि पुरणाच्या पातेल्याचा तळ दिसायला लागला. वरमाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली : पुरण गेलं कुठं? चाळीसेक बायका गोळा झाल्या. आणि कोकी म्हणाली, "वच्छीला विचारा."

एवढंच. एवढ्या दोनच शब्दांवर तिनं तीस वर्षं काढली होती. मी कुठं म्हटलं तिनं खाल्लं म्हणून? मी म्हटलं, विचारा. पण विचारलं कुणीच नाही. तारा नारखेडे म्हणाली, "हो, मी पाहिलं, नैवेद्याआधीच तोंड हलत होतं हिचं." मग दुसरी म्हणाली, ओठाला गूळ होता. मग तिसरी. वच्छी नुसती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. चाळीस जणी एक गोष्ट सांगतात म्हटल्यावर ती खरीच असते. त्या दिवशी देवाला उष्टं दाखवल्याचा बट्टा वच्छीला लागला, आणि जोडीदारिणीलाही पाठीशी न घालणारी म्हणून कोकिळाबाईचं नाव झालं. चोख हात! पुढच्या सगळ्या लग्नांना तिला एकटीलाच बोलावणं आलं. वच्छी केळीच्या वखारीत कामाला लागली. नंतर ती कुठल्याच पंगतीला दिसली नाही. स्वतःच्या लेकीच्या लग्नातही ती जेवली नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं. कोकिळाबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

चतुर्थीला अकरा वाजता शेडमध्ये पंगत बसली. चाळीस पाट, चाळीस ताटं. बायकांचे चेहरे सुकलेले होते, पण जिभा शाबूत होत्या.

"कोकिळामाय, लवकर वाढ गं, नाहीतर पुढल्या जन्मी नवरा नको, मांडेच दे म्हणेन महादेवाला!"

"तुझा नवरा मागच्याच आठवड्यात तसं म्हणाला," कोकिळाबाई खापराजवळून म्हणाली, आणि पंगत हसली.

वच्छलाबाई शेवटच्या पाटावर बसली होती. धुतलेलं लुगडं, अंगाची काडी झालेली, बसताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. कोकिळाबाईनं तिकडे एकदाच पाहिलं. वाढायला मात्र तिनं हर्षदाला पाठवलं.

पहिला घास गेला आणि पाटी उसळली. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. त्र्याऐंशी. बायका बोलायच्या थांबल्या. नुसता चावण्याचा, तूप ओरपण्याचा आवाज येत राहिला. शहाऐंशीवर आकडा थांबला. कोकिळाबाईनं हातावरची कणीक पुसली. जिंकलो! आता पंगत उठेपर्यंत एवढा आकडा टिकला की झालं.

हर्षदा काच घेऊन तिच्या कानाशी आली. तिचा आवाज बदललेला होता. "आई, सगळ्या जणी अडतीस-चाळीस तासांच्या उपाशी आहेत. बरोबर. पण त्या वच्छलाबाई... त्यांची दाद नव्याण्णव आहे. आणि पोट सत्त्याऐंशी तासांचं रितं."

"मणी बिघडला असेल."

"बिघडला नाही. सत्त्याऐंशी तास, आई. मी बोलवायला गेले ना, त्या संध्याकाळपासून."

तेवढ्यात शेवटच्या पाटावरून हाक आली. मोठी नव्हती, पण सगळे खात होते म्हणून ऐकू गेली.

"सूनबाई, माझं पोट किती तासांचं रितं आहे, ते दिसतं म्हणालात ना? जरा मोठ्यानं वाचता का?"

हर्षदानं सासूकडे पाहिलं. सासू खापराकडे बघत होती.

"सत्त्याऐंशी," हर्षदा म्हणाली.

पंगतीत चुळबुळ झाली. "अगं बाई, मरायचं आहे का?" कुणीतरी म्हणालं. "हरतालिका एक दिवसाची असते गं, वच्छे!"

"मला माहीत आहे," वच्छलाबाई म्हणाली. तिच्या ताटातला मांडा निम्मा संपला होता आणि हात तुपानं माखला होता. "कोकीनं तीस वर्षांनी बोलावलं. म्हटलं, या वेळी कुणी म्हणायला नको, वच्छी आधीच खाऊन आली." ती थोडी थांबली. दम लागला होता तिला. "कोकी, तेव्हा हा मणी असता ना, तर त्यानंही हेच सांगितलं असतं बघ. पोटात काही नव्हतं माझ्या. मांडा मात्र चांगला झालाय हो. कणीक जरा कमी तिंबलीस."

पंगतीच्या तोंडाशी ताराबाई नारखेडे बसली होती, आता चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचा घास हातातच राहिला. त्या लग्नातल्या चाळीसपैकी आणखी दहा-अकरा जणी त्याच पंगतीत होत्या, आणि प्रत्येक बाई आपापल्या ताटात काहीतरी शोधत होती.

पाटीवर पंच्याऐंशी झाले. मग पुन्हा शहाऐंशी.

कोकिळाबाईला कळत होतं, आता काय करायचं. "सावकाश होऊ द्या" म्हणायचं, वर एकेक मांडा वाढायचा, आणि मग हसून "उठा बायांनो" म्हणायचं. पंगत उठली की आकडा पक्का. वच्छीचे नव्याण्णव त्यात असणारच होते. तीस वर्षांपूर्वी वच्छीच्या जिवावर नाव झालं, आज वच्छीच्याच भुकेवर शिक्का मिळणार होता. तिला वाटलं होतं, ही बाई भांडायला येईल. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, भांडणात कोकिळाबाई कधी हरली नव्हती. पण ही तर बोलावलं म्हणून आली होती. चार दिवस उपाशी राहून, स्वच्छ होऊन. आणि तिला बोलावलं कशासाठी होतं? आकडा पुरा करायला.

कोकिळाबाईच्या कानशिलांत रक्त चढलं. खापराची धग रोजचीच होती; ही धग वेगळी होती. लुगड्याचा पदर तिनं तोंडावरून फिरवला, तरी ती गेली नाही.

"हर्षदा," ती म्हणाली, "एक मणी दे."

"कुणाला?"

"मला."

"आई, तुम्ही लावला तर पंगत बाद होते. सगळंच बाद. पुन्हा अर्जही करता येत नाही. मग ते यंत्रवाले..."

"ऐकू येतं मला. कान चांगले आहेत, म्हणूनच मणी मागतेय. दे."

हर्षदा हलली नाही, तेव्हा कोकिळाबाईनंच डबीतून मणी काढला आणि कणकेच्या बोटांनी कानामागे दाबला. पाटीवरचे शहाऐंशी विझले. क्षणभर काळं झालं, मग तिथं एकच आकडा आला, तिचा एकटीचा.

चार.

"शंभरातले चार?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"बरोबर आहे," कोकिळाबाई म्हणाली. "माझी मलाच आलेली दाद आहे ती. त्या पाटीवर इतकं खरं आजवर काही आलं नव्हतं." ती पंगतीच्या मधल्या वाटेनं चालत गेली. "ऐका गं बायांनो. नारखेड्यांच्या लग्नात पुरण कमी पडलं, ते मी डाळ कमी टाकली म्हणून. वच्छीनं बोटसुद्धा लावलं नव्हतं. मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. तिच्याकडे बोट दाखवलं, कारण ती जवळ उभी होती आणि ती उलटून बोलायची नाही. तुम्ही मला चोख म्हणालात, मी म्हणवून घेतलं. फोटोखाली लिहूनसुद्धा घेतलं."

ती वच्छलाबाईसमोर खाली बसली. गुडघे कुरकुरले. "हात जोडू का गं?"

"हात कणकेचे आहेत तुझे," वच्छलाबाई म्हणाली. ती कोकिळाबाईकडे बघत नव्हती, पाटीकडे बघत होती. "तू म्हणालीस ते ऐकलं मी. पण कोकी, तू एकटीच म्हणतेस. एका साक्षीनं काय होतं? तेव्हा चाळीस होत्या."

हे कुणालाच नाकारता येण्यासारखं नव्हतं. एकीच्या सांगण्यानं काही ठरत नाही, शिक्क्याच्या कायद्यालासुद्धा चाळीस साक्षी लागतात. त्या चाळिसांतल्या निम्म्याअधिक आता वर गेल्या होत्या, आणि त्यांची साक्ष त्यांच्याबरोबर गेली होती. उरलेल्या इथं बसल्या होत्या, पोट भरलेल्या, कानामागे खोटं न बोलणारा मणी लावून.

कोकिळाबाई उठली नाही. तिथंच, जमिनीवर बसून, तिनं मान वळवली आणि पंगतीच्या तोंडाशी पाहिलं.

ताराबाईनं हातातला घास ताटात ठेवला होता. तिचे ओठ हलत होते. चावत होती की बोलायचा धीर करत होती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

"तारा," कोकिळाबाई म्हणाली, "खोट्याला तेव्हा तू सगळ्यांत आधी हो म्हणालीस, मग बाकीच्या म्हणाल्या. आज खऱ्याला आधी हो कोण म्हणणार आहे?"